पिलू लागला की कणीक

आमच्या घरात संध्याकाळची कणीक भिजवायची वेळ घड्याळावर नव्हती, पिलू रागावर होती. दुपारचा चहा झाला की आई तबकडी लावायची. अहीर भैरव आणि नटभैरव होईतो तिचे तांदूळ निवडून व्हायचे, दोरीवरचे कपडे घड्या घालून व्हायचे. मग पिलू सुरू झाला की माजघरातून हाक यायची, "पिलू लागला गं, परात घे." मी परात पुढे ओढायची, आई मधोमध आळं करून पाणी घालायची आणि पिलू संपेपर्यंत गोळा तेलाचा हात लावून झाकून ठेवलेला असायचा. आज साठी ओलांडली तरी कुठे पिलू कानावर आला की माझ्या बोटांना पीठ लागल्यासारखं वाटतं.

ती तबकडी म्हणजे ‘कॉल ऑफ द व्हॅली’. 1967 साली एच.एम.व्ही.ने काढलेली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. तबल्याला आपले माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत सुरांत मांडायचा, अशी कल्पना. म्हणून अहीर भैरवाने सुरुवात, मग नटभैरव, पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. शिवकुमार आणि हरिप्रसाद दोघेही 1938 चे, म्हणजे तेव्हा तिशीच्या आतले. ज्या एच.एम.व्ही.च्या जी. एन. जोशींनी हे काम घडवून आणलं ते मराठी भावगीताच्या पहिल्या गायकांपैकी एक, हे मला फार नंतर कळलं आणि उगाचच घरचं कुणी असल्यासारखा आनंद झाला. वडिलांनी ती तबकडी दिवाळीच्या बोनसमधून आणली, 1970 च्या दिवाळीत. त्याच दिवाळीत सुटकेससारखं बंद होणारं एच.एम.व्ही.चं तबकड्या वाजवायचं फिएस्टा घरात आलं. फराळाची ताटं शेजारी पोचवायची राहिली आणि आम्ही सगळे त्या पेटीभोवती.

आम्ही मिरजेचे. वडील रेल्वेत, मिरज जंक्शनला. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांचं संगीताचं वेड घरंदाज होतं, नियमांचं होतं. गाणं ऐकायचं तर मांडी घालून, गादीवर, हातातलं काम टाकून. कुणी मध्ये बोललं की ते नुसते बघायचे. त्यामुळे आईचं हे पिलूचं प्रकरण त्यांना सुरुवातीला अजिबात रुचलं नाही. एक तर दुपारी चारला अहीर भैरव. तो पहाटेचा राग. आणि वर तांदूळ निवडत.

"अहो, वेळेचा तरी मान ठेवा," आबा म्हणायचे. आई त्यांना तुम्ही म्हणायची, तेही रागाच्या मानासाठी तिला तुम्ही म्हणायचे.

आईचं उत्तर ठरलेलं होतं. "पहाटे मी बंब पेटवत असते. माझी पहाट चारलाच होते."

यावर आबांकडे उत्तर नव्हतं. मला आज वाटतं, त्या एका वाक्यात आईने जे सांगितलं ते संगीतावर लिहिणाऱ्यांनी फारसं लिहिलेलं नाही. ज्या बाईला दिवसभरात मांडी घालून बसायला मिळतच नाही, तिने गाणं ऐकायचं कधी? काम करतानाच. आणि काम करताना ऐकलेलं गाणं कमी ऐकलेलं असतं, हे मला कधीच पटलं नाही. आई एक अक्षर संगीत शिकली नव्हती. आरोह-अवरोह म्हणजे काय, तिला सांगता आलं नसतं. पण रेडिओवर एखाद्या गायकाने भूपात मध्यम लावल्यासारखं वाटलं तर तिचा हात पोळपाटावर थांबायचा. एवढंच. थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. आबा मान वर करून तिच्याकडे बघायचे. त्यांच्याही कानाला तेच खटकलेलं असायचं.

हा कान तिला मिरजेने दिला. आमचं घर मीरासाहेबांच्या दर्ग्यापासून फार लांब नव्हतं आणि सतारमेकर गल्ली तर शाळेच्या वाटेवर. तंतुवाद्यांसाठी मिरज आज देशभर माहीत आहे, 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या गल्लीचं मूळ शस्त्रांत आहे. तिथले लोक मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. लढाया संपल्या, धारेचं काम गेलं आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तेच हात वाद्यांकडे वळवले. त्यांच्या वंशातली घरं आजही भोपळे कोरतात. पोलादाला धार लावणारे हात तारेला धार लावू लागले, असं आबा सांगायचे.

दुपारी शाळा सुटली की मी त्या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर बसायची. आत पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे आढ्याला टांगलेले. लाकडाच्या भुशाचा आणि लाखेचा वास. दुकानातले चाचा एका तंबोऱ्याची जवारी काढत असायचे. ते काम एकदा जवळून पाहिलेलं माणूस विसरत नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर मधोमध घोडी असते, रुंद आणि वरून किंचित उतरती. तार तिच्यावर नुसती टेकत नाही, त्या उतारावर हलकी घासत पुढे जाते. चाचा कानस घेऊन तो उतार केसाएवढा कमी करायचे, तार छेडायचे, ऐकायचे, पुन्हा कानस. तार आधी ठक् वाजायची, मुकी, लाकडासारखी. मग केव्हातरी, नेमकं केव्हा ते मला कधीच पकडता आलं नाही, ती उघडायची. एका सुरातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असं मोहोळ उठायचं. त्यानंतर चाचा तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवायचे, नखाने मागे-पुढे करायचे आणि त्या मोहोळाला गोडवा यायचा.

"हितं कान लाव पोरी," ते म्हणायचे. भोपळ्याला कान लावला की बाहेरची गल्ली गडप व्हायची. चार तारा, पंचम, दोन जोडाचे षड्ज आणि खर्ज. पण आत चारांपेक्षा कितीतरी जास्त सूर ऐकू यायचे. आबांनी मला एकदा दाखवलं होतं की नीट लागलेल्या तंबोऱ्यात कुणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. मी त्या भोपळ्यात तो शोधायची आणि मला तो सापडायचा.

तंबोरा हे वाद्य मला सगळ्यांत प्रिय आहे आणि त्याचं कारण मी अनेकदा सांगत आले आहे. तंबोरा ऐकायला मैफलीला कुणी जात नाही. त्याला ना ताल, ना बंदिश, ना टाळ्या. तो गायकाच्या मागे बसलेला असतो, बहुतेकदा शिष्याच्या हातात. पण तो थांबला की सगळं घर रिकामं झाल्यासारखं वाटतं. मागे राहून सगळं धरून ठेवणं म्हणजे काय, हे मला आधी तंबोऱ्याने आणि मग आईने शिकवलं.

दर्ग्यात दरवर्षी उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. खाँसाहेबांनी मिरज आपलं घर केलं होतं. 1937 साली दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्थानकावर त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ आणलं गेलं. तिथल्या चिंचेच्या झाडाखाली मोठमोठे गायक-वादक येऊन हजेरी लावायचे, रात्र रात्र. आबा सतरंजीवर पहिल्या रांगेत. आम्ही मुलं आणि आई घरी, अंथरुणात. वाऱ्याबरोबर आवाज यायचा, जायचा, पुन्हा यायचा. किती मोठी माणसं मी अशी गोधडीतून ऐकली असतील, त्यांची नावंही मला माहीत नाहीत. सकाळी आबा येऊन रात्रीचा हिशेब सांगायचे, अमक्याने तोडी मांडली, तमक्याने भैरवी. आई चहा ओतता ओतता म्हणायची, "हो, भैरवीच्या वेळी मी दूध घ्यायला उठले होते."

तबकडी येण्याच्या आधीही घरात सूर होतेच, ते रेडिओचे. आमचा रेडिओ मर्फीचा, वर क्रोशाचा रुमाल आणि पोस्टात दरवर्षी भरायचं लायसन्स. पहाटे आकाशवाणीची ती सुरुवातीची धून. वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोपातून मुंबईला आलेल्या एका निर्वासित ज्यू संगीतकाराने ती बांधली आणि आम्हा सगळ्यांच्या पहाटेला ती चिकटून बसली. मग वंदे मातरम्, मग मंगलध्वनी. सनई आणि बंबाच्या धुराचा वास हे माझ्या डोक्यात एकच आहे. साडेसातला विविध भारतीवर ‘संगीत सरिता’. रोज एक राग, त्याची ओळख, त्या रागातलं सिनेमातलं गाणं आणि मग तोच राग शास्त्रीय अंगाने. माझ्या दोन वेण्या घालता घालता आई तो कार्यक्रम ऐकायची आणि मीही ऐकायची, कारण डोकं हलवायची मुभा नसायची. माझे अर्धे राग मी वेणी घालताना शिकले आहे.

शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. हा 1952 साली सुरू झालेला. दीड तास एकच कलाकार. त्या वेळी मात्र आबांचं राज्य. दिवा मंद, रेडिओपुढे गादी, आवाज बेताचा. आम्ही पलीकडच्या खोलीत झोपायला धाडलेले, पण दार लोटलेलं असायचं. आबा सांगायचे की 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर बाजाच्या पेटीला बंदी होती, म्हणून साथीला सारंगी, आणि मागे तंबोरे स्वच्छ ऐकू यायचे. ती बंदी योग्य की अयोग्य यावर आबा आणि त्यांचे स्नेही तासन् तास भांडायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला आठवतं ते एवढंच की झोप लागायच्या आधी विलंबितातला एखादा दरबारी कानड्याचा गंधार हळूहळू खाली उतरायचा, आंदोलत, आणि तो खाली पोचायच्या आत मी झोपलेली असायची. दरबारीचा द्रुत माझ्या बालपणात मी कधीच ऐकलेला नाही. लग्नानंतर पुण्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकला, आणि जागी राहिल्याचं मलाच नवल वाटलं.

आता तबकडीवरच्या ओरखड्याबद्दल.

तबकडी आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी माझ्या हातून आईचा शिवणाचा डबा फिएस्टावर पडला. तबकडी फिरत होती. सुई घसरली. पिलूच्या खाचांवर एक बारीकसा आडवा ओरखडा उठला. मी रडायला लागले. आबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी तबकडी उजेडात तिरपी धरून ज्या तऱ्हेने पाहिली ते मला अजून दिसतं. त्या दिवसापासून पिलूमध्ये, बासरीच्या एका लांब सुराखाली, टक् आवाज यायला लागला. तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. म्हणजे पावणेदोन सेकंदांहून थोड्या जास्त वेळाने टक्, पुन्हा टक्, असे नऊ वेळा. ते तबल्याच्या ठेक्यात बसायचे नाहीत, दोन मात्रांच्या मधे कुठेतरी पडायचे.

आबांनी त्या तबकडीला पुढे हात लावला नाही. त्यांना ते ऐकवत नसे. आईने मात्र दुसऱ्या दिवशी चारला तीच तबकडी लावली. टक् आला तेव्हा ती कणकेचा गोळा मळत होती आणि नवव्या टक्ला तिने गोळा परातीत आपटून उलटा केला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हे रोज होतंय. नऊ टक् आणि गोळा पालटायचा. माझ्या चुकीला तिने कामात घेतलं होतं. ती त्याबद्दल कधी काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

वर्षं गेली. मी पुण्याला आले. घरात टेप आला, मग सीडी. नवऱ्याने माझ्या एका वाढदिवसाला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची सीडी आणली. मी कौतुकाने लावली. आवाज काय स्वच्छ! संतूरची एकेक तार वेगळी. पिलू आला, बासरीचा तो लांब सूर आला आणि सरळ निघून गेला. टक् नाही. माझे हात हवेत तसेच राहिले. गोळा कधी पालटायचा तेच मला कळेना.

संतूरबद्दल एक सांगायला हवं, कारण आज त्याचे सूर कुठेही, लिफ्टमध्ये, दवाखान्यात, फोनवर वाट बघायला लावतानाही वाजतात आणि लोकांना ते सोपं वाटतं. काश्मीरमध्ये ते सूफियाना मौसिकीच्या साथीचं वाद्य होतं. शंभराच्या आसपास तारा, अक्रोडाच्या हलक्या कलमांनी आघात करून वाजवायचं. आघात झाला की सूर विरतो. मींड नाही, सूर ओढून नेता येत नाही. त्यावर राग वाजवताच येणार नाही, असं जाणकार म्हणायचे. शिवकुमारांनी तारांची मांडणी बदलली, वाद्य लाकडी बैठकीवरून उचलून मांडीवर घेतलं आणि कलम तारेवर हलकं थरथरवत सुराला सलग करायची युक्ती काढली. वर्षानुवर्षं टीका सोसत. 10 मे 2022 ला ते गेले तेव्हा मी दिवसभर घरात तबकडीच लावली होती, तीच, मिरजेची. म्हणून कुणी संतूरला ‘पार्श्वसंगीत’ म्हणालं की मला वाईट वाटत नाही, पण त्या सुरांमागे एका माणसाचं आयुष्य उभं आहे, एवढं आठवतं.

माझी मुलगी घरून काम करते. सकाळी कानात काहीतरी लावून बसते. एकदा मी विचारलं, काय ऐकतेस? म्हणाली, "मन शांत करणारं शास्त्रीय, आई. तीन तासांचं आहे." मी ऐकून पाहिलं. बासरी होती, खाली समुद्राच्या लाटा, मग अर्ध्यावर कुठलीतरी सतार, मग पियानो, पक्षी. गोड होतं. पण एकही राग चार मिनिटं टिकत नव्हता. घर बांधायला घेतल्यासारखं व्हायचं आणि पुढच्याच क्षणी ते मोडून दुसरं. मी तिला रागावले नाही. आईच्या बाजूने भांडत आलेली मी, कामात संगीत असू नये असं कसं म्हणेन? मी तिला माझी तबकडी दिली नाही, ती देणारही नाही. फक्त म्हटलं, एकच लाव. रोज तेच. महिनाभर.

तिने लावला तो किशोरीताईंचा भूप, ‘सहेला रे’. पहिल्या आठवड्यात ती कंटाळली. दुसऱ्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातून ऐकलं की टाइप करता करता ती एक तान अर्धवट गुणगुणतेय, तिच्याही नकळत. तिसऱ्या आठवड्यात जेवताना म्हणाली, "आई, यात मधे दोन सूर गाळलेत ना? तिथे काहीतरी मोकळं वाटतं." मध्यम आणि निषाद. भूपात नसतातच. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आई आज नाही. आबा तिच्या आधी गेले. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत, कुठे जायचं त्राण उरलं नव्हतं तेव्हा, एका दुपारी चारला त्यांनी आईला हाक मारली आणि म्हणाले, "तुमचा अहीर भैरव लावा." ते कॉटवर पडून होते. आई खाली बसून भाजी निवडत होती. पिलू आला, ओरखडा आला. नवव्या टक्ला आबांनी कॉटच्या लोखंडी दांडीवर बोटाने एक ठोका दिला. म्हणजे त्यांना ते नऊ माहीत होते. इतकी वर्षं शेजारच्या खोलीतून ते मोजत होते.

या दिवाळीत फराळ करताना तुमच्याकडेही काहीतरी वाजेलच. चकल्या पाडताना, करंज्या लाटताना, उटणं कालवताना. ते एकच असू द्या. किशोरीताई असोत, कुमारजी असोत, भीमसेनजी असोत, बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई असो. आवाज बेताचा ठेवा आणि तेच उद्याही लावा, परवाही. घरातली मुलं ऐकत नाहीत असं दिसेल. लावत राहा.

आमच्या घरी या वर्षी पहाटेचा अहीर भैरव पहाटेच लागणार आहे. बंब पेटवायचा नाही आता.

आणि चार वाजता पुन्हा एकदा, आईच्या वेळेला.